ओल उतरेपर्यंत थांबणारे तुरकरभाऊ

श्री. खेमराजजी तुरकर यांना मी प्रथम पाहिले, तेव्हा ते किराणा दुकानातल्यासारख्या तराजूत लाकडाचा एक लहानसा तुकडा तोलत होते. बी.कॉम. होऊन मला बरेच दिवस झाले होते. तिरोडा रस्त्यावरच्या एका आरागिरणीला कारभार पाहणारा माणूस हवा आहे, एवढ्या ऐकीव माहितीवर मी तेथे गेलो होतो. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडलेले, कानावर पेन्सिल खोचलेले ते गृहस्थ मालक असतील असे मला वाटले नाही. त्यांनी वजन पाहिले, त्या तुकड्यावरच आकडा लिहिला आणि तो परत फळ्यांच्या थप्पीत सरकवला. मी विचारले, "इथे लाकूड किलोने विकतात काय?"

आरा मशीनवरचे लोक खो खो हसले. एक जण म्हणाला, "घ्या भाऊ, भाजीचा गिऱ्हाईक आला!" भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा. लाकूड किलोनं विकत नाही. पण लाकडाच्या नावानं पानी किती विकून राहिलो, ते त आपल्याले समजाले पायजे का नाही?"

मला तेथे नोकरी मिळाली. पुढे मी त्यांच्या गिरणीचा व्यवस्थापक झालो आणि आजही आहे. भाऊंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अनेक गुणांविषयी अनेक जण लिहितील. मी त्यांच्या एकाच गोष्टीविषयी लिहिणार आहे, कारण ती मी सर्वांत जवळून पाहिली आहे आणि तिच्याशी माझ्या घरातली एक गोष्ट जोडलेली आहे. भाऊ ओले लाकूड वापरत नाहीत. कोणासाठीही नाही.

यात विशेष ते काय, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. मलाही वाटले होते. तेव्हा भाऊंनी मला समजावले ते असे. धुतलेले धोतर बादलीतून वर काढले की त्यातून आधी पाणी टपकते. ते पिळून टाकले तरी धोतर ओलेच असते; उरलेली ओल वाऱ्यावरच जाते. ताज्या तोडलेल्या लाकडातही पाणी असे दोन प्रकारांनी असते. काही लाकडाच्या बारीक नळ्यांत भरलेले, काही त्या नळ्यांच्या भिंतींत मुरलेले. भरलेले पाणी निघून जाते, तेव्हा लाकूड हलके होते, पण त्याच्या मापात फरक पडत नाही. मुरलेले पाणी निघू लागले की लाकूड आकसू लागते. तेही लांबीला नव्हे, रुंदीला. ही आकसण्याची क्रिया थप्पीत झाली तर नुकसान काहीच नाही. ती दार बसवल्यानंतर झाली तर सांधे सुटतात, फळी वाकते, मधोमध चिरते. शिवाय ओल्या लाकडाला बुरशी धरते, कीड लागते, सरस पकडत नाही आणि पॉलिशला फोड येतात. म्हणून लाकूड जेथे वापरायचे, तेथल्या हवेशी आधी त्याची ओळख करून द्यायची आणि मगच त्याला रंधा लावायचा.

ही ओळख करून देण्याची भाऊंची पद्धत त्यांच्या आवारात आजही कोणालाही पाहता येते. फळ्या जमिनीवर टेकवायच्या नाहीत. खाली ओट्यांवर आडवे ओंडके. दोन फळ्यांच्या थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या अगदी डोक्यावर. ती इकडेतिकडे सरकली तर वरचे वजन फळीला वाकवते. वर छप्पर, बाजू मोकळ्या. फळ्यांची टोके जुन्या रंगाने माखलेली, कारण लाकूड टोकांतून सर्वांत लवकर सुकते आणि तेथूनच फुटते. वैशाखात गरम वारा सुटला की पश्चिमेच्या बाजूला पोत्यांचे पडदे. नव्या माणसाला हे उलटे वाटते. सुकवायचे आहे, मग वारा अडवायचा कशाला? "सुकवाचं हाये, भाजाचं नाही," एवढेच भाऊ म्हणतात. आणि प्रत्येक थप्पीत एक तुकडा, ज्याला ते साक्षीदार म्हणतात. तो अधूनमधून तोलायचा. त्याचे वजन कमी होणे थांबले की लाकूड सुकले.

हा कडकपणा भाऊंमध्ये जन्मजात नव्हता. ते स्वतःच चहाच्या वेळी त्याची हकिगत रंगवून सांगतात. ऐन उमेदीत त्यांनी एका शाळेला दारे करून दिली. शाळा उघडायची घाई, लाकूड नुकतेच चिरलेले. उन्हाळ्यात दारे वाकली आणि पावसाळ्यात अशी फुगून चौकटीत रुतली, की एका वर्गात गुरुजी आणि मुले कोंडली गेली. मुले आनंदाने खिडकीतून उड्या मारून पसार झाली; स्थूल देहाचे गुरुजी तेवढे अडकले. त्यांना काढायला भाऊ स्वतः गेले, तेव्हा गुरुजी आतून म्हणाले, "तुरकर, तू माझाच विद्यार्थी. पन एवढा सूड?" भाऊंनी त्या शाळेची सगळी दारे उतरवून नेली आणि वर्षभराने दुसरी आणून बसवली. तोपर्यंत वर्गांना दारांऐवजी बांबूचे तट्टे होते. गुरुजी शेवटपर्यंत त्यांना 'खिडकीवाला' म्हणत आणि भाऊ तो किताब अभिमानाने मिरवत.

आता घरातल्या गोष्टीकडे येतो.

बोदलकसा तलावाच्या अलीकडे आमचे गाव आहे. काही वर्षांपूर्वी गावातल्या बौद्ध मंडळींनी विहार बांधायला घेतले. भिंती श्रमदानाने उभ्या राहिल्या. दारे-खिडक्यांसाठी घरोघरच्या लोकांनी आपापल्या बांधावरची झाडे, रीतसर परवानगी काढून, दिली. माझ्या वडिलांनी साग दिला. छप्पन्न साली माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांनी आमच्या बांधावर सागाची दोन रोपे लावली होती. वडील तेव्हा लहान होते आणि रोपांना पाणी घालण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांतले एक झाड विहाराच्या मुख्य दारासाठी द्यायचे, हे त्यांनी कोणी मागण्याआधीच ठरवले होते.

वडिलांना हृदयाचा विकार होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, फार पुढचे बेत करू नका, असे सांगितले होते. वडिलांना ते कोणी सांगितले नव्हते, पण कळले होते. त्यांची एकच इच्छा उरली होती. त्या दाराला हात लावायचा.

धान कापून झाल्यावर झाडे तोडली गेली आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ओंडके गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, बुडवून ठेवले. बांबू असाच बुडवतात. त्याने कीड लागत नाही. होळीनंतर ओंडके बाहेर काढून बैलगाड्यांनी गिरणीत आणले. सोबत विहार समितीचे अध्यक्ष, चार-पाच मंडळी आणि आग्रह करून आलेले माझे वडील होते.

अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, लाकूड बोडीत राहून पक्कं झालं हाये. बुद्ध पौर्णिमेले दार लागलं पायजे."

भाऊंनी ओंडक्यावर हात फिरवला. "बोडीत टाकलं ते चांगलंच केलं. किड्याचा बंदोबस्त झाला. पन अध्यक्षसाहेब, बोडीतून निघालेली म्हैस सुकली म्हनता काय तुमी?"

मंडळी हसली; अध्यक्ष हसले नाहीत. "मंग या पौर्णिमेले दार नाही?"

"नाही."

"काऊन?"

"तुमच्या इथं कोनाले खिडकीतून काढाची पाळी नाही आली पायजे म्हनून."

वडील ओंडक्यावर बसले होते. त्यांनी विचारले, "सेठ, मंग कवा?"

"दादा, एक पावसाळा, एक हिवाळा जाऊ द्या. पुढच्या पौर्णिमेले."

"तवरिक मी राहीन काय?"

मग वडीलच म्हणाले, "चाला, पाहूच आता पयले कोन सुकते त. लाकूड, का मी."

ती मंडळी गेल्यावर मी भाऊंना विनंती केली. गिरणीत वर्षानुवर्षे मुरलेला साग पडून होता. त्याचे दार करून द्यावे, आमच्या लाकडाचे काही पुढे-मागे करता येईल. भाऊ लगेच कबूल झाले. तो साग त्यांनी आपल्या घरासाठी राखलेला होता, हे मला नंतर कळले. नकार आला तो वडिलांकडून. "दुसऱ्याच्या झाडाचं दार? त्याले पाहाले मी कायले जगू?"

त्यानंतर जे सुरू झाले, ते मी कधी विसरणार नाही. दर रविवारी सकाळी भाऊ स्कूटरवरून आमच्या घरी येऊ लागले. खिशात रुमालात गुंडाळलेला साक्षीदार तुकडा. गिरणीत तराजूवर त्याचे वजन झालेलेच असे, पण ते आकडा आधी सांगत नसत. तुकडा वडिलांच्या तळहातावर ठेवत. वडील डोळे मिटून तोलत आणि म्हणत, "हलकं झालं गा." मग दोघे चहा घेत आणि धानाच्या वाणांपासून गावच्या राजकारणापर्यंत कशावरही भांडत. चैत्र गेला, वैशाख आला. तुकडा हलका होत गेला. बुद्ध पौर्णिमेला विहाराला तट्ट्याचे दार होते. समितीतल्या काहींनी भाऊंशी बोलणे सोडले. भाऊ त्या दिवशीही आले, तट्टा बाजूला करून आत गेले आणि वंदनेला बसले.

भाऊंच्या स्वभावाचा आणखी एक पैलू याच काळात दिसला. दिलेल्या झाडांत सगुणाबाई या एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा आंबा होता. आंब्याचे लाकूड दारा-खिडक्यांना टिकाऊ नसते. दुसऱ्या कोणी ते जळणात टाकले असते. भाऊंनी ते वेगळे रचले, वर खडूने त्यांचे नाव लिहिले आणि पुढे त्याची विहारातल्या पुस्तकांसाठी फळी केली. सगुणाबाई येऊन विचारत, "माहा आंबा कोठी हाये?" आणि भाऊ हातातले काम टाकून त्यांना थप्पीपाशी नेत.

पावसाळा लागला आणि तुकड्याचे वजन थांबले. एका रविवारी तो तळहातावर घेऊन वडील म्हणाले, "सेठ, हे त उलटं चाललं. जड झालं." त्यांचा अंदाज बरोबर होता. हवाच ओली असली की लाकूड ओल सोडत नाही, उलट थोडी घेते. आमच्याकडे चारी बाजूंनी रोवणीची पाणी भरलेली बांधी, म्हणजे भाताची खाचरे, आणि तलाव. आषाढात भिंतीदेखील घाम सोडतात. वडील तोवर अंथरुणाला खिळले होते. अंगावरचे मांस उतरले होते. आपल्या मनगटाकडे पाहत ते म्हणाले, "मीच जितून राहिलो, सेठ."

भाऊंनी चहा अर्धा ठेवला आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत पोहोचलो, तेव्हा भट्टीच्या धुराड्यातून धूर निघत होता. वाफेवर लाकूड सुकवण्याची ही लहान भट्टी भाऊ फक्त पूर्ण भरली तरच पेटवत, आणि पावसाळ्यात सहसा नाहीच, कारण तिला लागणारा धानाचा कोंडा भिजतो. आज कोंडा ताडपत्रीखाली राइस मिलमधून आला होता आणि आत आमच्या गावच्या फळ्यांशिवाय काही नव्हते. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "मॅनेजरसाहेब, कारभार तुमी पाहा. भट्टी मी पाहतो."

भट्टी पेटवली म्हणजे घाई केली, असा कोणाचा समज होऊ नये. सुरुवातीला भाऊंनी आत इतकी वाफ ठेवली, की लाकूड सुकण्याऐवजी शिजते आहे असे वाटावे. मग उष्णता हळूहळू वाढवली आणि वाफ हळूहळू कमी केली. थोडी आच वाढवली तर दिवस वाचतील ना, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "वरून सुकन, कडक होईन, आन आत ओलंच राहीन. मंग आतलं आकसाले लागलं की फुटन. दादाले फुटलेलं दार दाखवू काय?"

भाद्रपदात वडिलांना गोंदियाला रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच दिवसांत साक्षीदाराचे वजन स्थिरावले. लाकूड सुकले होते. मिस्त्रींनी रंधे काढले. भाऊंनी मात्र एका फळीचा काप घेतला आणि करवतीने त्याला कंगव्यासारखे दोन दात पाडले. दात सरळ राहिले असते, तर काम सुरू झाले असते. ते एकमेकांकडे वाकले. ओल गेली होती, पण फळीच्या आत ताण उरला होता. असे लाकूड कापले की पुढे वेडेवाकडे होते. भाऊंनी भट्टीचे दार परत बंद केले आणि पुन्हा वाफ सोडली.

मी रुग्णालयातून आलो होतो. तो काप हातात घेऊन पाहत राहिलो. भाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमचा राग मले समजते. पन या दाराले त्यांचं नाव राहीन. मी ते वाकडं नाही करू शकत." मग ते माझ्याबरोबर रुग्णालयात आले आणि वडिलांना जसे आहे तसे सांगितले. वडिलांनी तोंडावरची नळी बाजूला सारली. "दात वाकले म्हनता? मंग कराच पुन्हा. मी हाये अजून."

पुन्हा केले. या खेपेला दात सरळ राहिले.

अशोक विजयादशमीला दार लागले. वडिलांना घरी आणले होते. खुर्चीवर बसवून चौघांनी त्यांना विहारापर्यंत नेले. दारावर नक्षी नव्हती. त्यांनी नको म्हटले होते. त्यांनी आधी लाकडाचा वास घेतला. मग एका बोटाने पल्ला लोटला. तो आवाज न करता पूर्ण उघडला आणि जेथे थांबायचा तेथे थांबला. समितीचे अध्यक्ष, जे भाऊंशी पौर्णिमेपासून बोलत नव्हते, त्यांनी पुढे होऊन दुसरा पल्ला उघडला.

वडील म्हणाले, "सेठ, तुमी जितले. लाकूड पयले सुकलं."

भाऊ म्हणाले, "दादा, बांधावर दुसरा साग हाये ना अजून?"

"हाये."

"मंग थांबा अजून."

वडील थांबले. तो हिवाळा आणि तो उन्हाळा आम्ही त्यांना रोज संध्याकाळी त्याच खुर्चीवरून विहारात नेत असू. पुढच्या श्रावणात, झड लागलेली असताना, ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी गावातले प्रत्येक दार फुगलेले होते. आमच्या घरचे दार खांदा देऊन उघडावे लागले. विहाराशी सगळ्यांच्या आधी सगुणाबाई पोहोचल्या होत्या. त्यांच्या एका हातात फुले होती. दुसऱ्या हाताच्या तळव्याने त्यांनी पल्ला लोटला आणि त्या सरळ आत गेल्या, जणू दार अडू शकते हे त्यांना ठाऊकच नव्हते. मागून भिजत आलेले भाऊ उंबऱ्याशी थांबले. पल्ला आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. मग आत येऊन शेवटच्या रांगेत बसले.

वाणिज्याच्या शिक्षणात मला शिकवले होते, की अडकून पडलेला माल म्हणजे तोटा. भाऊंच्या आवारात वर्षानुवर्षे अडकून पडलेला माल मी रोज पाहतो. त्याला तोटा म्हणणे मी त्या श्रावणापासून सोडले आहे.

आज भाऊ पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरव समितीने भेट काय द्यावी असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "शाल द्या. खुर्ची देऊ नका. आजकाल बाजारात सगळा माल गिला येऊन राहिला." गेल्या हिवाळ्यात त्यांनी बीजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या, फळ्यांची नवी थप्पी रचली आहे. या फळ्या आमच्या गावच्या शाळेच्या बाकांसाठी आहेत आणि जाड आहेत. पुढच्या वर्षापर्यंत त्यांना हात लावता येणार नाही. पट्ट्या एकावर एक येतात की नाही, हे भाऊंनी स्वतः वाकून पाहिले.

ती थप्पी त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवावी आणि तिच्या जागी दुसरी रचावी, असे त्यांना आरोग्य लाभो, हेच मी, माझे कुटुंब आणि आमचे सारे गाव मनःपूर्वक इच्छितो. त्यांना एक आठवणही करून द्यायची आहे. आमच्या बांधावरचा दुसरा साग अजून उभा आहे. तो इतक्यात तोडायचा नाही, आणि तोडल्यावर सुकायला किती वेळ लागतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. त्याचा साक्षीदार तुकडा तोलायला आम्हांला दुसरे कोणी नको आहे.

म्हणून, भाऊ, तुमचेच शब्द तुम्हांला परत करतो. मंग थांबा अजून.